जुने कुलूप काढण्यापूर्वी

प्रश्न : वाचनालयाची ग्रंथसूची ठेवण्यासाठी मी उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) असलेला लहान सर्व्हर भाड्याने घेतला आहे. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करू देणाऱ्या प्रोग्रॅमने, पहिल्यांदा जोडणी करताना ‘या यंत्राची ओळख पटलेली नाही, पुढे जायचे का?’ अशा अर्थाचा प्रश्न आला आणि मी ‘येस’ लिहून मोकळा झालो. दोनच दिवसांत नोंदींमध्ये ‘रूट’ (सर्वाधिकार असलेले खाते) या नावाने लॉगिनचे शेकडो फसलेले प्रयत्न दिसले. कोणी माझ्या मागावर आहे का? पासवर्ड बंद करून किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) वापरावी म्हणतात, पण त्यात मीच बाहेर अडकलो तर?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तुमच्या मागावर कोणी नाही. इंटरनेटवरचे प्रत्येक २२ क्रमांकाचे पोर्ट (एसएसएचचे ठरलेले प्रवेशद्वार) ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम अहोरात्र चालू असतात. (फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी १९९५ साली, विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डचोरी झाल्यानंतर, एसएसएच लिहिले आणि एफटीपी व टेलनेट या जुन्या सेवांचे अनुक्रमे २१ व २३ यांच्यामधला रिकामा २२ मागून घेतला.) पासवर्डने लॉगिन बंद झाले की हे प्रयत्न निष्फळ ठरतात, पोर्ट बदलल्याने मात्र फक्त नोंदींतला गोंगाट कमी होतो.

अडकण्याची भीती रास्त आहे, आणि तिच्यावरचा उपाय कामाच्या क्रमात आहे. प्रथम सुडोचे (गरजेपुरते रूटचे काम करू देणाऱ्या आज्ञेचे) अधिकार असलेला साधा वापरकर्ता तयार करावा. मग घरच्या संगणकावर ‘एसएसएच-कीजेन’ने ईडी२५५१९ या प्रकारची किल्ली, म्हणजे खाजगी व सार्वजनिक अशा दोन भागांची जोडी, करावी आणि तिला सांकेतिक वाक्याचे संरक्षण द्यावे. या जोडीतला खाजगी भाग घराबाहेर जाऊ देऊ नये. सार्वजनिक भाग तेवढा सर्व्हरवरील त्या वापरकर्त्याच्या ‘ऑथोराइज्ड कीज’ फाइलमध्ये जातो. ही फाइल किंवा तिचे फोल्डर इतरांना लिहिण्यासाठी खुले असेल, तर सर्व्हर किल्ली नाकारतो आणि जोडणाऱ्याला कारणही सांगत नाही. म्हणून फोल्डरला ७०० व फाइलला ६०० अशी, म्हणजे फक्त मालकापुरती, परवानगी ठेवावी.

किल्लीने खरोखर आत जाता येते हे पाहिल्यानंतरच सर्व्हरवरील एसएसएचच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये पासवर्ड व रूट लॉगिन बंद करावे. त्या वेळी चालू असलेली खिडकी मुळीच मिटू नये. सेवा पुन्हा सुरू केली तरी आधीची जोडणी तुटत नाही, त्यामुळे दुसऱ्या खिडकीतून नवे लॉगिन करून पाहता येते आणि ते फसल्यास पहिल्या खिडकीतून चूक दुरुस्त करता येते. उबंटूत अनेकांना चकवणारी एक गोष्ट अशी की एसएसएच एखाद्या सेटिंगचे पहिले सापडलेले मूल्यच ग्राह्य धरते, आणि ‘एसएसएचडी-कॉन्फिग-डी’ या फोल्डरमधल्या फाइली मुख्य फाइलमधील ओळींच्या आधी वाचल्या जातात. तिथे पासवर्ड चालू ठेवणारी ओळ राहून गेली असेल, तर मुख्य फाइलमधला तुमचा बदल वाया जातो. प्रत्यक्षात काय लागू आहे ते ‘एसएसएचडी’ला (सर्व्हरवर चालणाऱ्या एसएसएचच्या प्रोग्रॅमला) मोठ्या लिपीतला ‘टी’ हा पर्याय देऊन तपासावे.

आता त्या ‘येस’विषयी. समोरचे यंत्र तुमचेच आहे की मध्ये कोणी बसले आहे, हे ओळखण्याची ती जागा होती. अजूनही उशीर झालेला नाही : सेवादात्याच्या संकेतस्थळावरील कन्सोलमधून सर्व्हरच्या स्वतःच्या किल्लीचा ठसा (तिची छोटी ओळखखूण) पाहावा आणि तुमच्या संगणकाने ‘नोन होस्ट्स’ फाइलमध्ये जपलेल्या किल्लीच्या ठशाशी तो ताडून घ्यावा. पुढे कधी ठसा बदलल्याचा इशारा आला आणि तुम्ही सर्व्हर नव्याने बसवलेला नसेल, तर ‘नोन होस्ट्स’मधली त्या सर्व्हरची ओळ खोडण्याआधी सेवादात्याला विचारावे.