मुलांना अमेरिकेच्या इतिहासाची ओळख करून द्यायला कोणती पुस्तकं घ्यावीत?

पुण्याहून नुकतेच ओहायोला आलात, थोरली बारा वर्षांची, धाकटा आठचा. शाळेतल्या इतिहासाला दोघंही कंटाळतात आणि तुम्हाला कादंबऱ्या नकोत, खरा इतिहास हवाय, असं तुम्ही लिहिलंय. मी इथल्याच एका वाचनालयात मुलांच्या विभागात काम करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे.

कोलंबसापासून आजपर्यंत सगळं एकाच पुस्तकात कोंबलेले जाडजूड ग्रंथ आत्ता घेऊ नका. सनावळ्या शाळा शिकवेलच. तुम्ही एखादा माणूस घ्या, एखादी रात्र घ्या. आणि पुस्तक हातात आलं की आधी शेवटची पानं उघडा. ही माहिती लेखकाला कुठून मिळाली, फोटो कुठल्या संग्रहातले, पक्कं काय आणि ऐकीव काय, हे मुलांना कळेल असं तिथे लिहिलेलं असेल तर खुशाल घरी न्या. आत पानंच्या पानं संवाद आहेत आणि ते आले कुठून याचा पत्ताच नाही, असं पुस्तक परत ठेवा.

धाकट्यासाठी जीन फ्रिट्झ यांचं पॉल रिव्हिअरवरचं छोटं पुस्तक घ्या. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर, १८ एप्रिल १७७५ च्या रात्री, इंग्रज फौज निघाल्याची खबर घेऊन रिव्हिअर घोड्यावरून निघाला. लाँगफेलोच्या प्रसिद्ध कवितेत तो थेट काँकर्डला पोचतो. प्रत्यक्षात वाटेतच पकडला गेला, घोडाही गेला, आणि काँकर्डला खबर पोचवली ती सॅम्युएल प्रेस्कॉटनं. पुस्तक आणि कविता एकाच संध्याकाळी वाचा. ‘मग कवितेत असं का लिहिलंय?’ हे मुलं आपणहून विचारतात आणि तिथेच त्यांचा इतिहास सुरू होतो.

त्यानंतर रूबी ब्रिजेस यांनी स्वतः लिहिलेलं ‘थ्रू माय आइज’. १४ नोव्हेंबर १९६० ला सहा वर्षांची कृष्णवर्णीय रूबी केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात न्यू ऑर्लिन्सच्या गोऱ्यांच्या शाळेत गेली. बाहेर आरडाओरडा करणारा जमाव बघून तिला वाटलं, मार्डी ग्राचा उत्सवच चाललाय! गोऱ्या पालकांनी मुलं काढून घेतली आणि वर्षभर त्या वर्गात ती एकटी आणि बार्बरा हेन्री या तिच्या बाई. पुस्तकात त्या दिवसांचे फोटो आहेत. हे मात्र त्याला एकट्याला वाचायला देऊ नका, शेजारी बसून वाचा.

थोरलीसाठी माझी पहिली पसंती रसेल फ्रीडमन यांच्या ‘लिंकन: अ फोटोबायोग्राफी’ला, मुलांच्या पुस्तकांसाठीचं १९८८ चं न्यूबेरी पदक याच पुस्तकाला मिळालं. उत्तर-दक्षिणेतल्या यादवी युद्धाच्या चार वर्षांत लिंकन यांचा चेहरा कसा ओढत गेला ते फोटोंतच दिसतं. गोळी लागली त्या रात्री त्यांच्या खिशांत काय होतं, तेही आहे: दोन चष्मे, चाकू, रुमाल आणि पाकिटात चक्क शत्रुपक्षाची, म्हणजे दक्षिणेच्या सरकारची, पाच डॉलरची नोट. ती का बाळगली असेल, यावर बारा वर्षांची मुलगी तुमच्याशी तासभर बोलेल.

गुलामगिरीचा विषय निघाला की तिला आपल्या जोतीराव फुल्यांबद्दलही सांगा. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये संपली आणि १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती त्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना.

पुढे फिलिप हूस यांचं क्लॉडेट कॉल्व्हिनवरचं पुस्तक द्या. अशाच नकारासाठी प्रसिद्ध झालेल्या रोझा पार्क्सच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ ला, माँटगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देणारी ही मुलगी अवघ्या पंधरा वर्षांची होती. जपानी वंशाचे अमेरिकन अभिनेते जॉर्ज टाकेई यांचं ‘दे कॉल्ड अस एनिमी’ हे चित्रकथेच्या रूपातलं आत्मकथन आहे. १९४२ मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या माणसांना घरातून उचलून छावण्यांत डांबलं, त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. पाच वर्षांच्या जॉर्जचं कुटुंब सुरुवातीला घोड्यांच्या तबेल्यात राहिलं. इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांनी हे वाचायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

वाचनालयात ९७३ क्रमांकाची, म्हणजे अमेरिकेच्या इतिहासाची, फळी शोधा. चरित्रं बहुधा वेगळ्या कपाटात असतात. सायबर्ट पदकाचा शिक्का दिसला तर ते पुस्तक चाळाच. ते पदक मुलांच्या माहितीपर पुस्तकांसाठीच असतं. आणि एखादं पुस्तक नसेल तर काउंटरवर सांगा, दुसऱ्या वाचनालयातून मागवून देतात.