पुण्यात ढोल वाजवलेल्या माणसाला अमेरिकेतलं ड्रम कोर कळेल का? फायनलचं तिकीट मिळालंय, काय बघावं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: पुण्यात पथकात ढोल वाजवलात, नोकरीसाठी इंडियानापोलिसला आलात आणि ऑफिसातल्या एकाने ऑगस्टमधल्या ड्रम कोर फायनलचं तिकीट दिलं. यूट्यूबवर दोन-तीन शो बघितलेत, पण फारशी मजा आली नाही. आपल्या मिरवणुकीसारखंच असतं का, असं तुम्ही विचारताय.

मिरवणुकीसारखं नसतं. ड्रम कोर म्हणजे ड्रम, पितळी वाद्यं आणि झेंडेवाले घेऊन मैदानावर चालत शो करणारं तरुण पोरांचं पथक, आणि फायनल म्हणजे त्यांची स्पर्धा. मोबाइलवर मजा येत नाही हेही खरं, कारण त्या आवाजाचा जीव त्या स्पीकरमध्ये मावतच नाही. मी पूर्वी ताशा वाजवायचो आणि आता बरीच वर्षं इकडे मिडवेस्टात आहे, म्हणून एकच गोष्ट आग्रहाने सांगतो: तिकिटावरची वेळ विसरा. दोन-तीन तास आधी जा आणि स्टेडियमच्या आजूबाजूची पार्किंगची मैदानं पालथी घाला.

प्रत्येक कोर शोआधी तिथेच वॉर्म-अप करतं. चाहते त्याला नुसतं 'लॉट' म्हणतात, आणि कित्येकांना मुख्य कार्यक्रमापेक्षा लॉटच जास्त आवडतो. ना दोरी, ना पोलिस. स्नेअर (ताशासारखा कडक वाजणारा ड्रम) वाजवणाऱ्या नऊ-दहा पोरांची रांग तुमच्यापासून चार हातांवर उभी असते. मधला हळू आवाजात 'डट, डट, डट, डट' म्हणतो आणि सगळ्या काड्या एकदम खाली येतात. स्नेअरचं पान केव्हलार नावाच्या चिवट धाग्याचं आणि इतकं ताणलेलं, की टेबलावर काडी आपटावी तसा कोरडा टक् आवाज येतो. त्यामुळे कोणी केसभर मागेपुढे झाला तरी लगेच कळतं. त्यांच्या हातांकडे बघा. काडी किती उचलायची ते इंचात ठरलेलं असतं: तीन, सहा, नऊ, बारा. आवाज लहानमोठा करायचा तो उंचीवर, अंगातल्या जोरावर नाही. आपण टिपरू अंग मोडून हाणतो, त्यामुळे हे बघताना पहिल्यांदा हात शिवशिवतात. नंतर नंतर त्या तीन इंचांतलीच गंमत कळायला लागते.

बास ड्रमवाल्यांपाशी जास्त वेळ काढा. ते पाच जण असतात, पाच वेगवेगळ्या मापांचे ड्रम. एक सलग धावती ओळ पाचांत वाटलेली असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला मधलेच एक-दोन ठोके येतात. म्हणजे एकट्याचं वाजवणं ऐकलंत तर काहीच लागणार नाही, पाचांचं मिळून मात्र एकाच माणसाने वाजवल्यासारखं वाटतं. भोवती फोन वर धरलेली गर्दी असते, त्यात शाळेच्या बँडमधली पोरं मांडीवर बोटांनी तेच्या तेच वाजवत असतात. तुकडा संपला की सगळे ओरडतात, वाजवणाऱ्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही.

आता आत. पथकात वादक आणि ऐकणारे एकाच रस्त्यावर असतात, आवाज चहूबाजूंनी अंगावर येतो. ड्रम कोरचा सगळा खेळ एका बाजूसाठी बांधलेला असतो: पन्नास यार्डाच्या, म्हणजे मैदानाच्या बरोबर मधल्या, रेषेसमोर, वर बसलेले परीक्षक आणि त्यांच्या आसपासचे प्रेक्षक. त्यातून एक अडचण येते. अमेरिकन फुटबॉलचं मैदान पुढून मागे 53 यार्डांपेक्षा थोडं जास्त असतं, म्हणजे साधारण 49 मीटर. मागच्या टोकाचा आवाज पुढे पोचायला सेकंदाचा सातवा भाग लागतो. मिनिटाला 180 ठोक्यांची लय असेल तर एवढ्यात जवळजवळ अर्धा ठोका निघून जातो. सगळ्यांनी आपापल्या कानावर विसंबून वाजवलं तर वर चिखल ऐकू येईल. म्हणून ड्रमवाले शक्यतो मैदानाच्या मागच्या-मधल्या भागात असतात, ड्रम मेजर, म्हणजे कंडक्टर, मधल्या स्नेअरवाल्याच्या पायांवर डोळा ठेवून हात हलवतो, आणि पुढचे वादक मागून आलेल्या आवाजात आपला आवाज मिसळतात. साइडलाइनवर मरिंबा, झायलोफोन मांडून उभे असलेले 'पिट'वाले तर कंडक्टरकडे न बघता फक्त मागचं ऐकत वाजवतात. हे सगळं चालू असताना ब्रासवाले, म्हणजे पितळी वाद्यं फुंकणारे, पळत असतात, तेही छाती प्रेक्षकांकडे आणि पाय भलतीकडे.

वाद्यांचं म्हणाल तर ब्रास आणि तालवाद्यं. सनई-क्लॅरिनेटच्या जातीचं काही चालत नाही, शाळा-कॉलेजच्या मार्चिंग बँडपेक्षा हा ठळक फरक. हा प्रकार मुळात पहिल्या महायुद्धानंतरचा. परत आलेल्या सैनिकांच्या संघटना, अमेरिकन लीजन वगैरे, आणि चर्चनी मोहल्ल्यामोहल्ल्यात पोरांची बिगुल-ड्रमची पथकं काढली. निशाण घेऊन चालणाऱ्या तुकडीचा आज झालेला 'कलर गार्ड' म्हणजे नाचत झेंडे, लाकडी रायफली आणि तलवारी हवेत फेकून झेलणारी मंडळी. 1972 मध्ये ड्रम कोर इंटरनॅशनलची पहिली चॅम्पियनशिप विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली. 2009 पासून फायनलचं घर तुमचं इंडियानापोलिस.

चाहत्यांमध्ये बसाल तर एक भांडण कानावर येणारच. फार पूर्वीपासून जी सुरातले बिगुल असायचे. 2000 मध्ये इतर सुरांतली ब्रास वाद्यं आली, 2004 मध्ये पिटला माइक मिळाले, 2009 मध्ये सिंथेसायझर. जुन्या लोकांच्या मते यातच ड्रम कोर मेलं. नव्या पोरांना सिंथशिवाय शो उघडाबोडका वाटतो. पुण्यात डीजेवरून होणारी भांडणं तुम्ही ऐकली असतील, सूर तोच. माझं मत जुन्यांच्या बाजूला झुकतं, पण पूर्ण नाही. मरिंबाला माइक हवाच, नाहीतर ती पोरं इतकं वाजवतात ते तिसऱ्या रांगेपलीकडे जात नव्हतं. पण सत्तर-ऐंशी ब्रासवाले जीव तोडून फुंकताहेत आणि खालून सबवूफर घरघरतोय, याचा मला मनापासून वैताग येतो.

मार्कांचंही वेड असतं. शंभरपैकी 40 एकूण परिणामाला, 30 दृश्याला, 30 संगीताला. 1983 पर्यंत दिसेल त्या प्रत्येक चुकीला दशांश गुण कापत, आता तसं नाही. तरी निकाल दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत जातो. 2008 ची फायनल इंडियानातल्याच ब्लूमिंग्टनला झाली. रॉकफर्डच्या फँटम रेजिमेंटने संगीतकार खाचातुरियनच्या 'स्पार्टाकस' (रोमविरुद्ध उठलेला गुलाम) या बॅलेवर शो बांधला होता, सीझनभर ते मागे होते, आणि त्या रात्री 98.125 विरुद्ध 98.100 असे कॅलिफोर्नियाच्या ब्लू डेव्हिल्सवर जिंकले. मैदानावरून आणि स्टँडमधून 'मी स्पार्टाकस' अशा आरोळ्या उठल्या होत्या. ती रेकॉर्डिंग ऐका, गर्दीसुद्धा शोचा भाग होती. बाकी ब्लू डेव्हिल्सची जेतेपदं वीसच्या वर आहेत, त्यामुळे त्यांना मनात मानायचं आणि तोंडाने नावं ठेवायची अशी इथली रीत. उलट बॉस्टन क्रुसेडर्स 1940 पासूनचं कोर, त्यांना पहिलं जेतेपद 2025 मध्ये मिळालं.

हे सगळं फुकट नाही. पोरं बाविशीपर्यंतची, पैसे मिळत नाहीत, उलट काही हजार डॉलर फी भरतात. रात्री बसमध्ये झोप, पहाटे कुठल्यातरी शाळेच्या जिममध्ये जमिनीवर, मग दिवसभर उन्हात सराव. मी एका कोरच्या फूड ट्रकवर अधूनमधून भाज्या चिरायला जातो. जेवायला येताना पोरांच्या हातात गॅलनभर पाण्याचा जग असतो आणि पायातल्या बुटांचे तळ सोललेले. या व्यवस्थेची काळी बाजूही आहे. 1934 पासून चाललेलं कॅडेट्स हे नामांकित कोर 2024 मध्ये बंद झालं, त्यामागे जुन्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरचा खटला होता. सांता क्लारा व्हॅनगार्ड 2023 चा सीझन पैशाअभावी खेळलंच नाही, पुढच्या वर्षी परतलं. चाहते यावर बोलायला कचरत नाहीत, विचारा.

तिकीट बदलून मिळत असेल तर पन्नास यार्डाच्या आसपास, जरा वरची जागा घ्या. खाली बसलात तर आवाज छातीत बसतो, पण मैदानावरच्या आकृत्या दिसत नाहीत, आणि पहिल्यांदा आकृत्या दिसायला हव्यात. फायनल होते त्या लुकास ऑइल स्टेडियमच्या छतामुळे आवाज घुमतो, सगळेच त्याला शिव्या देतात, तुम्हीही द्या. शो चालू असताना पायऱ्यांवरून ये-जा करू नका, लोक खरोखर चिडतात. ब्रासवाले एका सरळ ओळीत तुमच्याकडे चालत येऊ लागले की त्याला 'कंपनी फ्रंट' म्हणतात. तिथे गप्प बसायचं नसतं, घसा मोकळा सोडा.

आणि रजा मिळत असेल तर गुरुवारच्या प्रिलिम्सचंही (पहिल्या फेरीचं) तिकीट काढा. फायनलला बाराच कोर असतात, गुरुवारी सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक येत राहतात, गर्दी बरीच कमी असते आणि लॉटमध्ये वाजवणाऱ्यांच्या अगदी समोर उभं राहायला मिळतं. कानात घालायला बोळे घेऊन जा.