दर सोमवारी सकाळी दहा वाजता ओहोटी नसते

पत्र: मी ऐरोलीला राहते, पीएचडीचं दुसरं वर्ष. ठाणे खाडीच्या चिखलातले कृमी-शिंपले आणि त्यांवर जगणारे पक्षी हा विषय. खाडीवरच्या कामाला पैसे मिळावेत म्हणून दोन ठिकाणी प्रस्ताव पाठवले, दोन्ही नाकारले. गाइड म्हणतात, इंग्रजी सुधार. मी मराठी माध्यमातली. लेखनाचा एखादा कोर्स करू का? प्रस्ताव सोबत जोडते आहे.

उत्तर: कोर्स नको. तुझा प्रस्ताव मी दोनदा वाचला. इंग्रजी बरं आहे, माझ्या पहिल्या प्रस्तावापेक्षा तर चांगलंच. (तो परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं, 'करणार कसं?') तुझंही घोडं तिथेच अडलंय.

पहिलं अख्खं पान जैवविविधतेचं महत्त्व सांगण्यात गेलंय. खाडीचा भाग २०१५ साली अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आला, हे एका ओळीत पुरे. वाचणाऱ्यापुढे अशा प्रस्तावांचा गठ्ठा असतो आणि तो बहुतेकदा तुझ्या विषयातला नसतो. त्याला सुरुवातीलाच प्रश्न दिसू दे: चिखलात खाणं कुठे जास्त आहे, आणि चिखल्या-तुतारीसारखे पक्षी तिथेच उतरतात का?

शीर्षकातला फ्लेमिंगो काढ. नजर खेचायला घातलायस हे कळतं, पण खाडीत मोठ्या संख्येने येणारा छोटा रोहित (लेसर फ्लेमिंगो) मुख्यतः नील-हरित शेवाळ गाळून खातो, कृमी नव्हे. ज्याला हे ठाऊक आहे, तो पुढचं पान संशयानेच उलटेल.

आता खरी गडबड. 'दर सोमवारी सकाळी १० वाजता नमुने घेणार' असं तू लिहिलंयस. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. या सोमवारी दहाला ओहोटी असेल, तर पुढच्या सोमवारी दहाला पाणी भरलेलं असणार! दिवा कोळीवाडा तुझ्या घराजवळच आहे, तिथे कुणालाही विचार. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही खोल जाते, चिखल लांबवर उघडा पडतो. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी असतो तेव्हा, तेवढा नाही. तिथी धरून वर्षभराचे दिवस मांड आणि पावसाळ्यात काय करणार तेही लिही. तो तक्ता पाहिला की ही मुलगी चिखलात उतरलेली आहे, हे न सांगता कळतं.

खर्चाचंही तसंच. 'प्रवास व इतर ५०,०००' म्हणजे काय? होडीच्या फेऱ्या किती, एका फेरीचं भाडं किती, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळण्या किती, नमुने टिकवायला फॉर्मालिन, बाटल्या. बेरीज ४१,३०० आली तर ४१,३००च लिही. अभयारण्यात काम करायला वनविभागाची परवानगी लागते. निदान अर्जाची पोच जोड.

आणखी एक. दोन्हीकडे तू एकच मजकूर पाठवलास. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, महिना ३७,०००) किंवा बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या मुख्यतः तुझ्या निर्वाहासाठी असतात. त्यांच्या जाहिरातीतली पात्रता आणि कागदपत्रं नीट वाचली नाहीत, तर प्रस्ताव कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. रफर्ड या ब्रिटिश संस्थेसारखी छोटी अनुदानं कामाच्या खर्चाला असतात, तिथे सगळा भर प्रश्नावर आणि आराखड्यावर. पैसे मिळालेल्या कामांची माहिती आणि अहवाल रफर्डच्या संकेतस्थळावर आहेत. तीन-चार वाच, कोर्सची फी वाचेल.

इंग्रजीची धास्ती वाटत असेल तर पहिला मसुदा मराठीतच लिही. तो घरात विज्ञान न शिकलेल्या कुणाला तरी वाचून दाखव आणि 'मी नक्की काय करणार आहे?' असं विचार. उत्तर चुकलं तर मसुदा चुकलाय. गाइडना मात्र तीन आठवडे आधी दे. आदल्या रात्री दिलेल्या मसुद्यावर माणूस फक्त इंग्रजीच सुधारू शकतो, म्हणून कदाचित ते तसं म्हणाले असतील.

पुढचा मसुदा पाठवशील तेव्हा तिथींचा तक्ताही पाठव, आणि होडीवाल्याने सांगितलेलं भाडं.