वाचकांचे प्रश्न : तालमीतले पहिले वर्ष

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा जूनपासून कोल्हापुरातील एका तालमीत राहून कुस्ती शिकत आहे. पुढे कुस्तीवरच पोट भरायचे, असा त्याचा निश्चय आहे. मात्र दिवाळीला तो घरी आला तेव्हा कळले, की त्याला अद्याप एकही डाव रीतसर शिकवलेला नाही. पहाटे हौद (कुस्तीचा मातीचा आखाडा) उकरणे, जोर-बैठका, थोरल्या पैलवानांची मालिश आणि त्यांच्या हातून पडत राहणे एवढेच चालू आहे. खुराकाचे पैसे पाठवताना आमची ओढाताण होते. याला शिक्षण म्हणावे की राबणे? शिवाय मोठ्या स्पर्धा गादीवर (मॅटवर) होत असताना त्याने मातीत वेळ घालवावा का?
– एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु आपण सांगितलेली बहुतेक कामे हेच पहिल्या वर्षाचे शिक्षण असते. हौदातील तांबडी माती रोज उकरली नाही, तर ती दबून घट्ट होते आणि पडणाऱ्याचा खांदा-कोपर दुखावतो. म्हणूनच तीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ राखतात. फावडे चालवताना कमरेत आणि मनगटात जो जोर येतो, तोच पुढे पट काढताना, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडताना, कामी येतो. पडण्याचेही तसेच आहे. नवख्या मुलाला उचलून टाकले, की तो तोल सावरायला तळहात जमिनीला टेकवतो आणि नेमका तेव्हाच कोपर निखळण्याचा धोका असतो. थोरला पैलवान त्याला एकाच डावावर पुनःपुन्हा पाडतो तो यासाठी, की हात आपोआप अंगाजवळ घ्यावा आणि पाठ मातीला लागण्याआधी पोटावर वळावे, ही सवय विचार न करता लागावी. ढाक हा डाव लागला, की समोरचा खांद्या-मानेवर आदळतो, आणि कलाजंगात त्याचे सगळे वजन स्वतःच्या खांद्यांवर घ्यावे लागते. मान तयार नसलेल्या मुलाला हे डाव घाईने न शिकवणारा वस्ताद शहाणाच म्हणायचा.

तरीही एक मर्यादा आहे. एकमेकांची मालिश करणे ही तालमीची रीतच आहे. परंतु थोरल्यांचे कपडे धुण्यात आणि स्वयंपाकात मुलाची लढतच चुकत असेल, तर ते राबणेच होय. आपण एकदा पहाटे जाऊन हौदाच्या कडेला बसावे आणि त्याला त्याच्या वजनाचा जोडीदार मिळतो का, वस्ताद स्वतः उभे राहून चूक दाखवतात का, हे डोळ्यांनी पाहावे.

माती की गादी, हा वाद मला फारसा पटत नाही. खाशाबा जाधव मातीत घडले, 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर लढून सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुण मिळवायचे असल्याने चपळाई लागते; मातीत पाय रुततात, म्हणून ताकद आणि दम वाढतो. पाया पक्का होताच आठवड्यातील काही दिवस गादीवर सराव मिळेल, अशी सोय वस्तादांना विचारून करून घ्यावी.

खुराकासाठी कर्ज काढू नये. दूध, अंडी, डाळ, भाकरी आणि जमेल तेवढे तूप-बदाम या वयाला पुरेसे आहे; डब्यातली पावडर तर नकोच. शाळा मात्र सोडू देऊ नये. जत्रेच्या फडावरील इनामावर मोजक्यांचेच घर चालते. बाकीच्यांना रेल्वे, पोलीस किंवा सैन्यदलातील नोकरीचा आधार असतो आणि तिथे शिक्षणाची अट असते.

प्रश्न : मी नुकताच तालमीत दाखल झालो आहे. लढतीत माझा कान सुजला. सोबती म्हणतात, कान मोडला की पैलवान झालास. दुर्लक्ष करू का?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : मुळीच करू नका. कानाची कूर्चा (आतले लवचीक, मऊ हाड) आणि तिचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचले आहे, असे दिसते. कूर्चेचे पोषण त्या आवरणातूनच होते. ते सुटले, की कान आक्रसून कायमचा वेडावाकडा होतो. पहिल्या काही दिवसांतच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून रक्त काढून दाबपट्टी बांधून घ्यावी. तालमीत कोणालाही सुई टोचू देऊ नये. डॉक्टर परवानगी देईपर्यंत लढत बंद ठेवावी आणि परतल्यावर सरावात कान झाकणारे कवच वापरावे. त्यावरून कोणी हसले, तर हसू द्यावे.