ॲक्टिव्हावरून गिअरच्या गाडीवर: सगळा घोळ डाव्या हाताचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय २९, बँकेत नोकरी, बदली कराडच्या पुढच्या एका गावात, रोज १८ किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. सात वर्षं ॲक्टिव्हा चालवलीय, आता भावाची जुनी १२५ सीसीची मोटारसायकल शिकताय. दहा दिवस झाले. चौकात गाडी बंद पडते आणि मागचे हॉर्न मारतात. यू-टर्न घेताना दोनदा आडवी झाली. परवा कुत्रं मध्ये आलं तेव्हा ‘ब्रेक दाबला तरी गाडी थांबली नाही’. उंची पाच फूट एक इंच, भाऊ मागे बसून शिकवतो आणि ओरडतो. आणि शेवटी विचारलंय, माझ्याच्यानं होईल का?

होईल. मी आजवर घरातल्या-ओळखीतल्या दहा-अकरा जणांना शिकवलंय, त्यात माझी मुलगी, दोन पुतणे आणि पन्नाशीला टेकलेले एक सहकारी मास्तरही आले. तुमच्याइतकी गाडी पहिल्या दहा दिवसांत सगळ्यांनीच पाडली. मुलीच्या वयाच्या आहात, तरी इथे तुम्हीच म्हणतो.

सुरुवात कुत्र्यापासून करतो. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण सगळ्यात गंभीर गोष्ट तीच आहे. तुमचे ब्रेक बहुतेक ठीक असतील. तुम्ही ब्रेक दाबलाच नसणार. आठवून बघा, डावा हात आवळला होतात ना? ॲक्टिव्हाला डाव्या हाताशी मागचा ब्रेक असतो, आणि कॉम्बी ब्रेकची गाडी असेल तर तो एकटा दाबला तरी पुढचाही थोडा लागतो. म्हणजे सात वर्षं तुमच्या डाव्या पंजाला एकच शिकवण मिळाली आहे: काही आडवं आलं की आवळ. मोटारसायकलवर नेमक्या त्याच जागी क्लच आहे. तो आवळला की इंजिन चाकापासून सुटतं. रेस सोडल्यावर इंजिन गाडीला जे थोडंफार मागे ओढत असतं तेही बंद होतं, आणि गाडी सुटलेल्या वासरासारखी पुढे जाते. उजवा पाय मात्र फूटरेस्टवर निवांत. स्कूटरवर पायांना काही कामच नव्हतं.

कधीच दुचाकी न चालवलेल्या माणसाला शिकवणं मला म्हणूनच सोपं जातं. त्याला फक्त शिकायचं असतं, तुम्हाला आधी विसरायचंय. आणि पहिली गोष्ट हीच करा, महिनाभर ॲक्टिव्हाला हात लावू नका. सकाळी भाजीला ॲक्टिव्हा आणि संध्याकाळी सरावाला मोटारसायकल असं केलंत तर हाताचा गोंधळ कधीच सुटणार नाही. पुढे दोन्ही गाड्या आरामात चालवाल, तो भाग वेगळा.

मग एखादं मोकळं मैदान गाठा. शाळेचं पटांगण, बाजार समितीचं आवार, काहीही. दुसऱ्या गिअरला २० च्या आसपास वेग ठेवा आणि ठरवलेल्या खुणेपाशी थांबा. आधी फक्त उजव्या पायाने. रोज वीस-पंचवीस वेळा. दोन दिवसांनी पायाबरोबर उजवा हात, म्हणजे पुढचा ब्रेक. डाव्या हाताने क्लच अगदी शेवटी, गाडी आता थांबणारच म्हणून धडधडायला लागली की. माझी मुलगी हेल्मेटच्या आत मोठ्याने ‘पाय, उजवा, डावा’ म्हणायची. लोक हसायचे. पण पाचव्या दिवशी एक पोरगं सायकल घेऊन मध्ये घुसलं तेव्हा तिचा पाय आपोआप गेला, आणि ते पाहून मला जे वाटलं ते दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

पुढच्या ब्रेकबद्दल तुम्हाला कुणीतरी ‘दाबू नको, उलटी पडशील’ असं सांगितलेलं असणार. आपल्याकडे हे वाक्य आजोबा नातवाला देतो, नातू पुढे देतो. कोरड्या रस्त्यावर गाडी सरळ असताना ब्रेक लावला की बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होतं. त्यामुळे गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेकच करतो, नुसता मागचा जोरात दाबला तर चाक जाम होऊन मागचा भाग झाडू मारल्यासारखा फिरतो. पुढचा ब्रेक दाबायचा तो लिंबू पिळल्यासारखा, हळूहळू वाढवत. हिसक्याने नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी सोय, आणि १२५ पर्यंतच्यांना निदान कॉम्बी ब्रेक सक्तीचा झाला. भावाची गाडी त्याआधीची असेल तर यातलं काहीच नसेल, म्हणजे चाक जाम झालं तर सोडून पुन्हा दाबायचं काम तुमचंच.

आणि वेगाचं एक गणित. ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ६० ला जवळजवळ १७. कुत्रं दिसून पाय हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर ब्रेक लागायच्या आधीच ही अंतरं संपली. त्यापुढे ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, वेग दीडपट तर अंतर सव्वादोनपट. पहिले दोन महिने ४० च्या वर जाऊ नका असं मी सांगतो ते याचसाठी.

आता चौकात बंद पडण्याचं. याला दोन कारणं असतात आणि लोक एकच धरून बसतात. पहिलं सगळ्यांना माहीत असतं: क्लच पटकन सुटतो. मागून हॉर्न वाजला की बोटं आपोआप उघडतात. त्यावर उपाय म्हणजे रेस न देता गाडी चालवायला शिकणं. सपाट जमिनीवर पहिला गिअर टाका, रेसला हात लावू नका, क्लच इतका सावकाश सोडा की एका ठिकाणी इंजिनाचा आवाज खाली बसेल आणि गाडी पुढे सरकायला बघेल. तिथेच बोटं थांबवा. याला आपण हाफ क्लच म्हणतो. तिथून आवळा, पुन्हा सोडा. हात दुखेपर्यंत करा. गाडीचं ट्युनिंग बरं असेल तर रेसशिवायही ती माणसाच्या चालीने चालते. ही जागा बोटांना सापडली की निम्मी गाडी आली समजा.

पण त्याआधी गाडी मेकॅनिककडे नेऊन क्लचची केबल बघून घ्या. जुन्या गाडीची केबल सुकलेली असते, नाहीतर क्लचप्लेटा झिजलेल्या असतात आणि क्लच पार शेवटी धरतो. लिव्हरच्या टोकाशी दहा-पंधरा मिलिमीटर ढिलाई असावी, त्याहून फार कमी-जास्त नको. माझ्या धाकट्या पुतण्याला मी तीन दिवस बोलत होतो, आणि शेवटी दोष निघाला केबलचा. त्याची माफी मागितली नाही, पण वडापाव दिला.

दुसरं कारण म्हणजे गाडी पहिल्या गिअरला नसतेच. स्कूटरला हा प्रश्नच नव्हता, थांबलं की थांबलं. इथे तुम्ही तिसऱ्यात येऊन ब्रेक दाबता, गाडी थांबते, हिरवा दिवा लागतो आणि तुम्ही तिसऱ्यातच क्लच सोडता. बंद पडणारच. थांबल्यावर गिअर खाली आणायला गेलात तर ते अडकतात, कारण आतले दात एकमेकांसमोर यायला थोडं फिरावं लागतं. म्हणून गाडी चालत असतानाच, वेग उतरेल तसे एकेक गिअर उतरवत या. अडकलाच तर क्लच किंचित सोडून पुन्हा आवळा किंवा गाडी जराशी पुढे-मागे करा, पडतो. भावाच्या गाडीचे गिअर कसे पडतात ते पाठ करा. १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना सगळे गिअर पुढे दाबून पडतात, तर अनेक मोठ्या गाड्यांना पहिला खाली आणि बाकीचे वर. मित्राची गाडी मागून घेऊन चालवताना भलेभले इथे चुकतात.

(मी शिकलो काकांच्या येझदीवर. तिचा गिअरचा दांडा आणि किक एकच, दांडा आत दाबून वर फिरवला की तीच किक. जुन्या बुलेटला तर गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. त्यामुळे आताच्या गाड्या अवघड आहेत असं कुणी म्हणालं की मला गंमत वाटते.)

यू-टर्नला गाडी पडते ती वेगाने नव्हे, वेग नसल्याने. हँडल वळलेलं असताना तुम्ही घाबरून पुढचा ब्रेक दाबता, पुढचं चाक जागीच थांबतं आणि गाडी वळणाच्या आतल्या बाजूला कोसळते. दोन्ही वेळा गाडी आतल्याच बाजूला पडली असेल, पैज लावतो. अशा संथ वळणात उजव्या हाताची बोटं ब्रेकवर नकोतच. पहिला गिअर, हाफ क्लच, अगदी थोडी स्थिर रेस आणि मागचा ब्रेक पायाने जरासा धरलेला. इंजिन ओढतंय आणि पाय रोखतोय, या ताणात गाडी उभी राहते. आणि नजर! तुम्ही पुढच्या चाकाकडे बघत असणार. गाडी जिकडे नजर तिकडे जाते, हे खरोखर तसंच आहे. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात, बाईच्या घागरीकडे बघाल तर घागरीवर. वळताना हनुवटी खांद्याकडे न्या आणि वळण संपून जिथे जायचंय तिथे बघा. मैदानात चार विटा ठेवून इंग्रजी आठच्या आकारात फिरा, पाय न टेकता. नाहीतरी आरटीओच्या परीक्षेत हेच करायला लावतात.

तेव्हा लायसन्सचंही बघून घ्या. स्कूटरवर काढलं असेल तर त्यावर बिनगिअरच्या दुचाकीचाच प्रकार असण्याची दाट शक्यता आहे. मग मोटारसायकल चालवायला वेगळं लर्निंग लायसन्स लागतं. ते सहा महिने चालतं, ३० दिवसांनी पक्क्यासाठी परीक्षा देता येते, आणि तोवर पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा. दहा दिवस तुम्ही हे न करता चालवत असाल तर उद्याच फॉर्म भरा. अपघात झाला आणि लायसन्स त्या गाडीचं नसेल, तर विम्याची भांडणं फार वाईट होतात.

उंचीची काळजी अजिबात करू नका. ॲक्टिव्हाची सीट ७६५ मिलिमीटरच्या आसपास, १२५ च्या मोटारसायकली ७९० च्या आसपास. फरक अडीच सेंटिमीटर. दोन्ही पाय टेकवायची सवय मोडा. थांबताना फक्त डावा पाय टेकायचा, उजवा मागच्या ब्रेकवर. सीटवर जरा डावीकडे सरकलात की पूर्ण तळवा टेकतो. चपलेऐवजी बूट घाला, म्हणजे गिअरच्या दांड्याने बोटं सोलणार नाहीत. ओढणी घरी ठेवा किंवा पूर्ण बांधून टाका. चेनमध्ये गेली तर सोडवायला वेळ मिळत नाही.

भाऊ मागे बसून ओरडतो त्याबद्दल काय लिहू? त्याला मैदानावर खाली उतरवा. सत्तर किलोचं हलणारं वजन मागे असताना कुणालाच तोल कळत नाही, आणि ओरडणाऱ्या माणसापुढे तर चालणाऱ्यालाही चालता येत नाही. त्याने समोर उभं राहून एका वेळी एकच गोष्ट सांगावी. रस्त्यावर न्यायची वेळ आली की मात्र तो सोबत हवा, लर्निंगवर नियमही तसाच आहे.

तुमचा रस्ता उसाच्या पट्ट्यातला आहे. दिवाळीपासून मार्चपर्यंत कारखाने चालू, म्हणजे संध्याकाळी बँक सुटेपर्यंत अंधार आणि समोर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, अनेकांना मागे दिवाही नसतो. तो उसाचा ढीग अंधारात रस्त्याच्या रंगाचाच दिसतो. समोरून मोठा दिवा डोळ्यांवर आला तर दिव्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे बघा आणि वेग उतरवा. पहिला हंगाम शक्य असेल तर संध्याकाळी एसटीनेच या, असं मी माझ्या मुलीला सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही, पण सांगितलं होतं.

मृगाचा पहिला पाऊसही तसाच. वर्षभराचं तेल आणि धूळ वर तरंगते आणि रस्ता साबणासारखा होतो. दोन-चार चांगल्या सरी होऊन तो धुतला जाईपर्यंत अंतर दुप्पट ठेवा. पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं आणि वळणावरचा मुरूम यांवर ब्रेकही नको, वळणंही नको. यवतेश्वरच्या घाटात मी असाच मुरमावर ब्रेक दाबून गुडघा फोडून घेतलाय, तेव्हा वीस वर्षांचा अनुभव पाठीशी होता.

गाडी कोणत्या सालची आहे आणि क्लच लिव्हरच्या कितव्या भागात धरतो, सुरुवातीला की अगदी शेवटी, तेवढं कळवा. मग प्लेटा बदलायच्या की केबलवरच भागेल ते सांगतो. मेकॅनिकने थेट प्लेटा टाकायला सांगितल्या तर घाईने हो म्हणू नका.