१०९८ या मुलांच्या मदतीच्या फोनवर नवीन बसणाऱ्या ताईला

अगं, फोन आला की आधी एवढंच विचार: मूल आत्ता कुठे आहे आणि त्रास देणारा त्याच घरात आहे का? पुरावा मागत बसू नकोस, कुजबुजत बोलणारी शेजारीण फोन ठेवून देईल. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका असली तरी पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवावंच लागतं. 'घरातली भानगड' म्हणून सोडता येत नाही. मुलाला ताब्यात घेतलंच, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं. आणि तीच हकीगत त्याला परत परत सांगायला लावू नकोस. मी सुरुवातीला लावली होती. तिसऱ्यांदा पोर गप्पच झालं. तू त्याचे शब्द जसेच्या तसे लिही. 'बाबांनी पट्टा काढला' म्हणालं, तर तेच.