माईक हातात घेण्याआधी

सप्रेम जय भीम.

तुझा मेल वाचला. तुमच्या कॉलेजात ब्लॅक विद्यार्थ्यांनी धरणं धरलंय, तुला बोलायला बोलावलंय, आणि तू विचारतेस, 'आपलं दुःख एकच' असं म्हणू का? म्हण. पण सुरुवात तिथून करू नकोस.

मागे कोलंबिया विद्यापीठात जाऊन तू बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्याजवळचा फोटो पाठवला होतास. तिथून हॅमिल्टन हॉल ही विद्यापीठाची इमारत अगदी जवळ. १९६८ साली विद्यापीठ शेजारच्या मॉर्निंगसाइड पार्कमध्ये व्यायामशाळा बांधायला निघालं होतं. टेकाडावरून विद्यार्थ्यांचं दार. खालच्या अंगाला हार्लेम या शेजारच्या ब्लॅक वस्तीतल्या लोकांसाठी दुसरं दार आणि इमारतीचा लहानसा हिस्सा. (वेगळ्या दाराचा अर्थ तुला काय सांगायचा!) त्या एप्रिलमध्ये ब्लॅक आणि गोऱ्या मुलांनी मिळून हॅमिल्टन हॉल ताब्यात घेतला. पहाटे ब्लॅक मुलांनी गोऱ्या सोबत्यांना सांगितलं, तुम्ही दुसरी इमारत बघा. लढ्याची सूत्रं, शिस्त, वाटाघाटी त्यांना स्वतःच्या हातात हव्या होत्या. हार्लेममधून जेवण येत होतं ते त्यांच्या भरवशावर. गोरी मुलं निघाली आणि त्यांनी लो लायब्ररी ही प्रशासनाची इमारत गाठली. व्यायामशाळा तिथे कधीच झाली नाही. उद्या तुलाही कुणी 'आता जरा बाहेर थांब' म्हटलं, तर तोंड पाडू नकोस.

१९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीत साम्य आहे, हे त्यांनीही लिहिलं. पण पत्र पाठवण्याचं कारण वेगळं होतं: निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. तूही आधी मागण्यांचा कागद माग आणि शेवटपर्यंत वाच. त्याच १९६८ च्या मे महिन्यात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या ब्लॅक मुलांनी बर्सारचं, म्हणजे विद्यापीठाचा पैसा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं, कार्यालय ३८ तास धरलं. पैसा जिथे मोजला जातो तिथेच बसले पठ्ठे! प्रवेश, शिष्यवृत्ती, राहण्याची सोय, अभ्यासक्रम, असं सगळं कागदावर मांडलेलं होतं. तुमच्या कागदात नुसतं 'वातावरण सुधारा' असेल तर प्रशासन एक समिती नेमून मोकळं होईल. कुठलं कार्यालय, किती पैसे, कुठल्या तारखेपर्यंत, हे त्यांना विचार. मसुद्याचं काम लागलं तर पडेल ते कर.

आणि एक. तू एफ-१ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहेस. अटकेचा धोका तुझ्या अमेरिकन मैत्रिणींना आहे त्याहून तुला वेगळा आहे. इमारतीत बसण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेट. तो नको म्हणाला तर बाहेरची कामं कमी नसतात. जेवण, जामिनाचे पैसे, फोन नंबरांची यादी, हे कुणीतरी बघावंच लागतं.

कागद मिळाला की मला पाठव. रविवारी फोनवर बोलू.